ऑक्टेनची वाट पाहताना

कोथरूडच्या पंपावर नातीच्या स्कूटरवर मागे बसले होते. पेट्रोलचा वास आला आणि मी थेट नव्वदच्या दशकातल्या प्रयोगशाळेत पोचले. इंधन तयार करताना वापरायच्या आम्लात साबणासारखं एक द्रव्य थेंबभर घातलं तर इंधनाचं ऑक्टेन, म्हणजे त्याची प्रत, वाढेल, ही माझी कल्पना. निकाल वाईट आला तर काम बंद होणार होतं. शेवटी मिश्रण बर्फात स्थिर ठेवून आम्ल खाली बसू द्यायचं आणि वरचं इंधन काढून घ्यायचं, एवढंच उरलं होतं. पण मी महापंडिता! मिनिटामिनिटाला बाटली उचलून हलवून बघे. सगळं पुन्हा दुधासारखं होई.

"अगं, पाळणा आहे का तो?" शेजारच्या टेबलावरची नलू म्हणाली.

जास्त वेळ आम्लात राहून इंधन बिघडलं, ऑक्टेन घसरलं. आमच्या प्रयोगशाळेच्या सरांनी वहीत लिहिलं, "द्रव्य कुचकामी." द्रव्य बिचारं निर्दोष होतं. इतका वेळ हात हलवणाऱ्या बाईची जीभ मात्र तेव्हा हलली नाही.