पंपाच्या टाकीतला गाळ

आमच्या पंपाच्या टाकीत सावित्री शिरली तेव्हा माझ्या लग्नाला दीड वर्ष झालं होतं. सावित्री म्हणजे नदी; महाडात हे सांगावं लागत नाही, पण बाहेरच्यांचा गैरसमज होतो म्हणून सांगते. दर पावसाळ्यात ती एकदोनदा बाजारपेठेत येऊन जाते आणि लोकही सवयीने सामान माळ्यावर चढवतात. त्या वर्षी मात्र ती पोलादपूरच्या रस्त्याला लागून असलेल्या आमच्या भातखाचरात आली, आणि खाचराच्या कडेच्या आमच्या पेट्रोलपंपावर दोन दिवस मुक्काम ठोकून बसली.

पंप म्हणजे काय, तर हाताने फिरवायचं एक यंत्र, एक पत्र्याची खोली आणि जमिनीखाली पुरलेली लोखंडी टाकी. टाकीचं तोंड विटांच्या खड्ड्यात, माणूस अंग चोरून आत जाईल एवढं, आणि त्यावर जाड झाकण. रस्त्यावर गाड्या वाढल्या तसा माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे मामंजींनी, एका कंपनीकडून तो मिळवला होता. नवरा मुंबईत गिरणीत. त्यामुळे पंप मामंजी बघत आणि पंपाचे कागद मी बघे, कारण घरात नववीपर्यंत इंग्रजी शिकलेली मी एकटीच. मामंजी हाडाचे शेतकरी. पंपाला ते दुभत्या म्हशीसारखं वागवत, आणि म्हशीप्रमाणेच त्याच्याही पोटात काय चाललंय हे आपल्याला बाहेरून कळतं असं त्यांचं मत होतं.

पाणी ओसरल्यावर मी म्हटलं, टाकी तपासून घेऊ या. मामंजी म्हणाले, पेट्रोल पाण्यावर तरंगतं, पाणी गेलं असेल तर ते तळाशी बसेल, आपण वरचं विकू. तर्क बिनतोड होता. फक्त पेट्रोल ओढणारी नळी टाकीच्या तळाशी होती.

दोन दिवसांनी एक मुंबईची मंडळी बारशाला खेडकडे निघाली होती, त्यांची टॅक्सी आमचं पेट्रोल पिऊन कशेडी घाटाच्या मधोमध बसली. भर पावसात, कडेवर पोरं घेऊन ती माणसं एका ट्रकने परत आली आणि पंपावर उभं राहून त्यांनी आमच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मी खिडकीआडून ऐकत होते. काही शब्द माझ्या माहेरीही कुणी वापरत नव्हतं.

कंपनीला पत्र गेलं. उत्तर आलं की टाकी बंद ठेवा, आमची माणसं गणपतीनंतर येतील. सोबत एक छापील इंग्रजी कागद होता. तो मी मामंजींना वाचून दाखवला: टाकीजवळ जाळ नको, लोखंडी हत्यार नको, हवा खेळती केल्याशिवाय कुणी आत वाकूसुद्धा नये, आणि कंपनीच्या माणसांखेरीज कुणीही आत उतरू नये. मामंजींनी सगळं लक्ष देऊन ऐकलं आणि शेवटचं वाक्य सोडून दिलं. गणपतीला मुंबईहून अख्खं खोरं गावी येतं, आणि त्याच आठ दिवसांत पंप बंद ठेवायचा, हे त्यांच्या गळी उतरेना. खरं सांगायचं तर मीही ते वाक्य फार लावून धरलं नाही. आपण कागद वाचलाय, आपल्याला सगळं कळलंय, अशी एक मिजास माझ्या अंगात होती.

मामंजींनी वरंधकडच्या एका म्हाताऱ्याला बोलावलं. सगळे त्यांना बाबा म्हणत. वरंधपासून दासगावपर्यंत त्यांनी उपसली नाही अशी विहीर नव्हती. ते आले ते कमरेला बुडालेल्या बादल्या काढायची आकडी, खांद्यावर काथ्याचा दोर आणि मागे दोर ओढणारे दोन गडी घेऊन. गडी इतके अबोल होते की सासूबाईंनी चहा विचारला तरी एकमेकांकडे बघायचे. टाकीतलं पेट्रोल आधीच पिंपांत काढून लांब गोठ्यापलीकडे नेऊन ठेवलं होतं. तळाशी राहिला होता हातभर गाळ, नदीची माती, टाकीचा गंज आणि पेट्रोल असा सगळा काला. बाबांनी खड्ड्यात वाकून वास घेतला, नाक मुरडलं आणि म्हणाले की विहिरीपेक्षा वाईट नाही.

मी घरात लोखंडी फावड्याऐवजी करवंट्या गोळा करत होते. परत आले तर खड्ड्याच्या काठावर नारळ, हळदकुंकू, आणि बाबा एका छोट्या शिंक्यात पणती ठेवून काडी ओढायच्या बेतात. विहिरीत उतरण्याआधी आत दिवा सोडायचा ही त्यांची रीत. दिवा जळत राहिला तर हवा चांगली, विझला तर उतरायचं नाही. रीत शहाणपणाची होती, आणि इथे ती पाळली असती तर पंप, खाचर आणि आम्ही सगळेच वर गेलो असतो. सासरी तोवर मी कुणापुढे आवाज चढवला नव्हता. तेव्हाही नाही चढवला. शेजारची पाण्याची कळशी उचलली आणि बाबांच्या हातावर, पणतीवर, काडेपेटीवर रिकामी केली.

मामंजींचा चेहरा बघण्यासारखा झाला. बाबा भिजलेले हात झटकत उठले आणि शांतपणे दोर गुंडाळू लागले. दिव्याशिवाय आपण उतरत नाही, आजवर उतरलो नाही, दुसरा माणूस बघा, असं ते मामंजींना सांगत होते. माझ्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

मग मी बांबूला पत्र्याचा डबा बांधून थोडा गाळ वर काढला, खाचराच्या पार पलीकडच्या बांधावर नेऊन ओतला आणि सगळ्यांना लांब उभं करून लांबूनच पेटती चिंधी फेकली. ओला चिखल भक्कन पेटला, जाळ गुडघाभर वर आला. बाबा बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले. चिखल जळतो हे त्यांनी साठ वर्षांत पाहिलं नव्हतं. दोर त्यांनी खाली ठेवला, पण म्हणाले, दिवा नाही तर मग आतली हवा कळणार कशी?

याला माझ्याकडे उत्तर होतं. माझ्याकडे तेव्हा सगळ्यालाच उत्तर असे. मी सासूबाईंची कोंबडी सुचवली.

सासूबाईंची परवानगी मागण्यात वेळ घालवला नाही. तांबडी, अंड्यावरची कोंबडी टोपलीत बसवून आत सोडली, थोड्या वेळाने ओढली, तर कोंबडीबाई मान टाकून बसलेल्या. वाऱ्यावर धरल्यावर ती शुद्धीवर आली आणि तिरपी तिरपी चालत घराकडे गेली. ती दारात पोहोचताच सासूबाई बाहेर आल्या. त्या काय बोलल्या ते इथे नको, पण त्यानंतर त्या कोंबडीने पंधरा दिवस अंडं दिलं नाही आणि ते पंधराही दिवस मला त्याची आठवण करून देण्यात आली.

मग लोहाराचा भाता आणला, नुसता भाता, भट्टीशिवाय. त्याला रबरी नळी जोडून दोन दिवस आळीपाळीने टाकीत वारा घातला. गावातली रिकामटेकडी माणसं भाता दाबायला आनंदाने आली, कारण पाऊस लागून होता आणि दुसरी करमणूक नव्हती. पाऊस आला की टाकीच्या तोंडावर छत्री धरायची, गेला की मिटायची. तिसऱ्या दिवशी कोंबडी पुन्हा आत गेली आणि या वेळी टोपलीच्या काठावर उभी राहून ओरडतच वर आली. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "हवा चांगली आहे बाबा, उतरा."

कंदिलाचा प्रश्नच नव्हता, म्हणून माझ्या रुखवतातला आरसा आणला. एक गडी तो उन्हात धरून उजेड टाकीत पाडायचा. श्रावणातलं ऊन, ढग आला की आत काळोख, आणि बाबा आत शांतपणे थांबायचे. उजेड आला की करवंटीने गाळ भरायचा, बादली वर. बाबांची आणखी एक अट होती. वरच्या माणसाने सारखं बोलत राहायचं आणि त्यांनी आतून ओ द्यायची, ओ आली नाही तर दोर ओढायचा. गडी अबोल, मामंजींना अशा वेळी काही सुचत नसे, तेव्हा बोलायचं काम माझ्याकडे आलं. जन्मात पहिल्यांदाच कुणी मला बोल म्हणत होतं. मी टाकीच्या तोंडाशी बसून माहेरच्या गोष्टी सांगितल्या, शाळेतल्या मास्तरांच्या नकला केल्या, सासरची गाऱ्हाणीही थोडीफार घातली. मामंजी चार हात लांब उभे होते आणि आपल्याला ऐकू येत नाही असं दाखवत होते. आतून दर वाक्याला "हाय गो, हाय" येत होतं. बादल्या वर येत होत्या. निम्मा गाळ निघाला.

मग ओ उशिरा यायला लागली. मी सासूबाईंच्या कोंबडीची गोष्ट पुन्हा रंगवून सांगत होते, तर बाबा आतून हसले. आधी मला वाटलं, गोष्ट जमली. पण ते हसू थांबेना, आणि मग ते माझ्याशी नाही, दुसऱ्याच कुणाशी बोलू लागले.

"तू वर जा रे," ते म्हणत होते, "मी करतो, तू वर जा."

मी हाक मारली. ओ नाही. दुसरी हाक मारेपर्यंत गड्यांनी दोर ओढला होता. ते बोलत नसत पण त्यांचे कान माझ्यापेक्षा चांगले होते. बाबांचं डोकं टाकीच्या तोंडाशी आलं तेव्हा त्यांची मान त्या कोंबडीसारखीच पडली होती. मामंजींनी त्यांना काखेत धरून बाहेर खेचलं, आम्ही चिंचेखाली वाऱ्यावर निजवलं, तोंडावर पाणी मारलं, कपडे काढून अंग धुतलं. मला आठवतं, तेव्हाही मी बडबडतच होते, कारण थांबले तर त्यांची ओ कधीच येणार नाही असं मला वाटत होतं.

नंतर कळलं की गाळ ढवळला की त्यात मुरलेलं पेट्रोल पुन्हा हवेत येतं. कोंबडीने खोटं सांगितलं नव्हतं. ती बोलली तेव्हाची हवा चांगलीच होती.

बाबांनी डोळे उघडले. ओकले, बसले, चहा प्यायले. मग कुणी न विचारता सांगू लागले, आणि सांगताना मामंजींकडे नाही, माझ्याकडे बघत होते. त्यांना एक धाकटा भाऊ होता. दोघं मिळून विहिरी उपसायचे. एका विहिरीवर दिवा आणायला विसरले, घर लांब होतं, ऊन चढत होतं.

"तो मला इचारत व्हता, दादा, उतरू का? मी म्हटलं, हवा चांगली हाय, उतर. मला काय ठाव व्हतं चांगली हाय का नाय. म्हटलं, आपलं येक." त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "तो वर आला नाय. त्याच्यामागनं मी दिव्याबिगर उतरलो नाय."

मीही तसंच, आपलं एक म्हणून, बोलून गेले होते, आणि बोलताना स्वतःला फार शहाणी समजत होते.

त्या टाकीतला उरलेला गाळ शेवटी कंपनीच्या माणसांनीच काढला, गणपतीनंतर, नाकावर नळ्यांचे मुखवटे चढवून. मामंजींचा तो गणपती पंपाशिवाय गेला आणि ते त्याबद्दल मला कधी एका शब्दानेही बोलले नाहीत. पण हे सगळं पुढचं.

त्या दुपारी बाबा उठले, धोतर नीट केलं आणि पुन्हा दोर कमरेला बांधायला लागले. घेतलेलं काम अर्धं टाकायचं नाही, हीही त्यांची रीतच. मामंजी माझ्याकडे बघत होते. गडीही बघत होते. भाता दाबणाऱ्यांनी भाता थांबवला होता. आतली हवा आता कशी आहे, हे मी सांगावं म्हणून सगळे वाट बघत होते, कारण कागद मी वाचला होता, चिखल मी पेटवून दाखवला होता, आणि तोवर माझं एकही उत्तर अडलं नव्हतं.

"मला माहीत नाही बाबा," मी म्हटलं.

बाबा दोर हातात धरून तसेच उभे राहिले.

"त्या दिशी भावाला मी येवढंच बोलाय पायजे व्हतं," ते म्हणाले, आणि बोटांनी चाचपत कमरेची गाठ सोडू लागले.