भाऊजींचा चौकोनी ळ

देवाने जगात गोल वस्तू जरा जास्तच करून ठेवल्या आहेत, असं मनापासून मानणारा एकच माणूस मला आयुष्यात भेटला, आणि तो माझा धाकटा दीर. भाऊजी पेंटर. भिंती रंगवणारे नव्हेत हो, दुकानांच्या पाट्या आणि शटर रंगवणारे. आजही सकाळी दुकानं उघडायच्या आधी गांधीबागेत गेलात, तर बंद शटरांवर त्यांची अक्षरं दिसतील. जाड, काळीकुट्ट, नुसते कोपरेच कोपरे, जणू कुऱ्हाडीने तोडून काढलेली. गोलाई औषधालाही नाही. मी लग्न होऊन नवी नवी आले तेव्हा विचारलं होतं, "भाऊजी, तुमच्या ब ले पोट काहून नाही?" तर म्हणाले, "वहिनी, शटरच्या पट्ट्या पाहिल्या का? एक वर, एक खाली. गोल पोट काढलं का पट्टीवर डुलून राहते. कोपरा हालत नाही."

त्यांचं काम बघत बसावं असं. दोरीला नीळ लावायची, दोन टोकं ताणायची, मधून उचलून टणकन सोडायची, की शटरवर सरळ निळी रेघ. अशा रेघांनी अक्षर आखून झालं की चपट्या ब्रशने आतली जागा भरायची. झालं की रस्त्यापलीकडे जाऊन एक डोळा मिटून पाहायचे. तेवढ्यानेही समाधान झालं नाही की सिटी बसमध्ये चढायचे, कारण धावत्या बसमधून वाचता आलं नाही तर ते अक्षरच नव्हे. एकदा सीताबर्डीला साडी घेऊन देतो म्हणून मला बसमध्ये बसवलं आणि एकाच टायरच्या दुकानासमोरून तीन वेळा नेलं. "आता वाचता आलं का, वहिनी?" दुकानाचं नाव मला आजही पाठ आहे. साडी राहिली ती राहिलीच. दिवाळीला लाडवाला हात लावत नाहीत. शंकरपाळ्यांचा डबा मात्र घेऊन बसतात आणि आधी ताटात मांडून अक्षरं जुळवतात, मग खातात.

आपलं अक्षर कुठे शोभतं याचे त्यांचे नियम पक्के. टायर, पिठाची गिरणी, कुस्तीचा आखाडा, चालेल. दवाखाना मुळीच नाही. "हे अक्षर वरडते, वहिनी. पेशंट पायरीवरूनच वापस जाते." हा नियम त्यांनी एकदाच मोडला, प्रेमापोटी. माझ्या मुलाच्या रिसेप्शनला मैदानाच्या फाटकावर हातभर उंच, लालभडक 'सुस्वागतम्' काढलं. सुनेच्या माहेरची मंडळी आली आणि फाटकाबाहेर गाड्या लावून उभीच राहिली. शेवटी विहीणबाईंचा मला फोन, "वाचून तर राहिलो जी आम्ही, पण पाय उचलत नाही. आत काही खोदकाम सुरू आहे का?" भाऊजींनी स्वतः जाऊन एकेकाला हाताला धरून आत आणलं. सून मात्र स्टेजवरून त्या पाटीकडेच टक लावून बसली होती. ती पुस्तकांची मुखपृष्ठं करते. हार काढायच्या आधी मला म्हणाली, "आई, हे अक्षर कोणाचं?"

पुढे छापील फ्लेक्स आले, शटरं रंगवणं कमी झालं, आणि दोन वर्षांपूर्वी भाऊजींचा उजवा हात थरथरायला लागला. कपातला अर्धा चहा बशीत. डॉक्टर म्हणाले, हे वाढत जाणार. तेव्हा सून म्हणाली, "काका, हात चालतो आहे तोवर सगळी अक्षरं पुठ्ठ्यावर काढून द्या. मी कॉम्प्युटरवर त्यांचा फाँट करते, कोणालाही तुमच्या अक्षरात छापता येईल आणि ती कायमची राहतील."

"मंग कोणीबी कुठंबी लावन. दवाखान्यावरबी."

"लावतील. पण अक्षर तुमचंच राहील ना!"

दोन दिवस रुसले. तिसऱ्या दिवशी ब्रश धुऊन आमच्या जेवणाच्या टेबलाशी हजर. सकाळी हात जरा स्थिर असायचा, म्हणून रोज सकाळी एक अक्षर. दोरीचं एक टोक माझ्या हातात. सगळी झाली, राहिला फक्त ळ. त्या दोन गोळ्यांशी त्यांचं जन्माचं वैर. हळदीच्या एका व्यापाऱ्याला तर पटवून त्यांनी पाटीवर 'हळद' ऐवजी नुसतं 'मसाले' लिहिलं होतं.

त्या सकाळी डाव्या हाताने उजवं मनगट धरून बसले. पहिला चौकोन झकास आला. दुसऱ्याच्या शेवटच्या कोपऱ्यावर ब्रश थरथरला आणि कोपरा गोल झाला. आयुष्यात पहिल्यांदा. ब्रश खाली ठेवला. मग म्हणाले, "वहिनी, लाडू झाला."

सून हळूच म्हणाली, "काका, तेवढा मी कॉम्प्युटरवर सरळ करून घेते."

"करून टाक, बेटा. पण कोणाले सांगू नको कोणता कोपरा होता."

तिने सांगितलं नाही. आता ती अक्षरं जिमवर दिसतात, पोरांच्या टी-शर्टवर दिसतात, मेट्रो स्टेशनखालच्या चहाच्या टपरीवरही दिसतात. भाऊजी फारसे बाहेर पडत नाहीत. संध्याकाळी मी भाजी घेऊन आले की विचारतात, "आज कुठं दिसलं?" मी सगळं सांगते. दातांच्या दवाखान्यावर दिसलं, तेवढं मात्र अजून सांगितलेलं नाही. कुठे ळ दिसला की मी उगाच थांबते. दोन्ही चौकोनांचे सगळे कोपरे कसे टोकदार असतात. तो गोल कोपऱ्याच्या ळचा पुठ्ठा माझ्या कपाटात साड्यांखाली आहे.

या दिवाळीला मी नेहमीसारखा शंकरपाळ्यांचा डबा त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी तो बाजूला केला आणि शेजारच्या ताटातला लाडू उचलला. हात थरथरत होता, म्हणून दोन्ही हातांनी धरला. मी पाण्याचा पेला जवळ ठेवला आणि दुसरीकडे पाहत बसले.