पाणबुडीचं सेवापुस्तक
नांदेडच्या जिलानीभाईंनी चौतीस वर्षं कचेरीत लोकांची सेवापुस्तकं भरली. नेमणूक, बदल्या, रजा, शिक्षा, निवृत्ती, सगळं त्यांच्या लेखणीखालून जायचं. यमाला चुकवाल, जिलानीला नाही, असं लोक म्हणत. निवृत्तीनंतर बायको गेली, मुलगा कतारला गेला, आणि तीन खोल्यांत हा एकटा जीव उरला. तेव्हा त्यांनी आणखी एक सेवापुस्तक उघडलं. महायुद्धातल्या एका जर्मन पाणबुडीचं.

हसू नका, कारण होतं. उदगीरला त्यांची साबेराफुप्पी, म्हणजे आत्या, राहायची, वय ऐंशीच्या पुढे. तिचा बाप, म्हणजे जिलानीभाईंचा आजोबा, १९४३ साली इंग्रजांच्या मालवाहू जहाजावर कोळसा टाकायला गेला. जहाज पोचलं नाही, खबरही आली नाही. आजीनं मरेपर्यंत बांगड्या उतरवल्या नाहीत. "जित्या माणसाची फातिहा देत्यात का?" म्हणायची. आता फुप्पीला घोर लागला होता. आपण गेल्यावर अब्बांच्या नावानं फातिहा देऊन दुवेला हात उचलणारं कोण?

त्या साली अरबी समुद्रात फिरलेल्या या पाणबुडीवर जिलानीभाईंचा संशय होता. तिच्या जर्मन नोंदींचं ते मोबाइलवर भाषांतर करून घ्यायचे आणि वहीत उतरवायचे. कप्तान बदलला, लिहा 'बदली'. पाणबुडी गोदीत दुरुस्तीला लागली, लिहा 'वैद्यकीय रजा'. पहिलं पान मात्र आजोबांसाठी राखलेलं. दर जुमेरातला, म्हणजे गुरुवारी, वही घेऊन एसटीनं उदगीर गाठायचं आणि फुप्पीला विचारायचं, उंची किती होती? कपाळावर तीळ होता का? आईकडून ऐकलेलं ती सांगायची.

दोन वर्षांनी नोंद सापडली. अरबी समुद्र, पहाटेची वेळ, दोन टॉर्पेडो, जहाजाचं नाव तेच. कोणी वाचलं नाही. त्याच्याखाली पाणबुडीची शेवटची नोंद होती, पन्नास माणसांसह बेपत्ता.

आणि ज्यानं कधी कुणाचा कागद अडवला नाही, त्या माणसानं वही मिटून ठेवली. फुप्पीचं वाट बघणं संपलं तर फुप्पीही टिकणार नाही, मग आपण जायचं कुणाकडे? तीन वर्षं ते "अजून शोध चालू हाय" म्हणत राहिले. स्वतःची लाज वाटायची, तरी मिटलेली वही काखेत घेऊन जायचे, एसटी चुकवली नाही.

मागच्या जुमेरातला फुप्पीनं कांदा चिरता चिरता विचारलं, "जिलानी, अब्बा कोणत्या महिन्यात गेले?"

जिलानीभाईंनी हातातली वही मागे सरकवली.

"तीन साल झाले, तू अब्बाचं काहीच विचारून राहिला न्हाईस. तवाच समजले मी."

"मग बोलली का न्हाईस, फुप्पी?"

"बोलले असते तर तुझं काम संपलं असतं. मग कशाला आला असतास?"

जिलानीभाई लहान मुलासारखे रडले. फुप्पीनं फातिहाचा मलिदा केला, ऊद जाळला. हात उचलण्याआधी म्हणाली, "त्या पाणबुडीवाल्यांचं काय झालं?"

"त्येबी परत आले न्हाईत. विशीतली पोरं होती."

"त्यांच्या आयांनीबी लई वाट बघितली असंल," ती म्हणाली, आणि बराच वेळ हात उचलून बसली.

घरी येऊन त्यांनी आजोबांच्या पानावरचा शेवटचा रकाना भरला, सही केली आणि वही कपाटात ठेवली.

या जुमेरातला ते पुन्हा एसटीत चढले. नेहमीचा कंडक्टर रिकाम्या हातांकडे बघून म्हणाला, "चाचा, आज काम न्हाई का?"

"न्हाई," ते म्हणाले. "उदगीर एक द्या."