न आलेलं रीळ

एदलाबादच्या यात्रेत तंबूतला पिक्चर म्हणजे अर्धा पिक्चर आणि अर्धा धीर. दोन तंबूंत एकच पिक्चर लावायचे, रिळांची पेटी मात्र एकच. इकडचं रीळ संपलं की सायकलवाला ते तिकडे नेणार आणि तिकडचं इकडे आणणार. मी दहा वर्षांचा आणि अक्का पंधरा की सोळा, तेव्हाची गोष्ट. आम्ही सावद्याहून बैलगाडीने गेलो होतो. पिक्चर भुताचा. एका घराचं मागचं दार एक मेलेली बाई रोज वाजवते. ती कोण, का वाजवते, हे ज्या रिळात होतं ते रीळच आलं नाही. सायकल पंक्चर झाली म्हणे. तंबूवाल्याने थोडा वेळ वाट पाहिली आणि सरळ पुढचं रीळ लावलं. लोकांनी शिव्या घातल्या आणि पुन्हा बसले.

परतताना गाडीत मी अक्काच्या मागे लागलो, ती बाई दार का वाजवते? अक्काने फार विचारही केला नाही. म्हणाली, "अरे, घरात सगळे जेवायला बसले होते. ती म्हणाली, तुम्ही जेवा, मी पाणी घेऊन आले. गेली, आणि विहिरीत पडली. पण ती मेलीय हे तिला कुणी सांगितलंच नाही. म्हणून जेवणाच्या वेळेला ती घागर घेऊन येते आणि दार वाजवते."

भीती तर वाटलीच, पण रडूही आलं. पुढे कितीतरी दिवस आम्ही दोघं जेवायच्या आधी मागच्या दाराशी जाऊन हळूच सांगायचो, "बाई, तू गेलीस. आता पाणी नको." आई म्हणायची, कार्ट्यांना वेड लागलंय.

अक्काचं लग्न होऊन ती तिकडे शिंदखेड्याला गेली. मी जळगावात नोकरीला लागलो. तो पिक्चर जळगावात जेव्हा जेव्हा लागला तेव्हा तेव्हा मी पाहिला, अकरा वेळा तरी. आणि दर वेळी त्या रिळाच्या सुमाराला बाहेर येऊन चहा पीत उभा राहिलो. डोअरकीपरला वाटायचं, हा घाबरतो. वाटू दे. मला माझं उत्तर मिळालेलं होतं, दुसरं नको होतं.

आणि मग नव्वदीनंतर कधीतरी पोस्टर लागलं. त्याच पिक्चरच्या आधी काय घडलं ते सांगणारा नवा पिक्चर. पाहू नये हे कळत होतं. पण मनात आलं, अक्काला घेऊन जावं. लग्नानंतर ती गप्पच झाली होती. माहेरी आली तरी निवडणं-टिपणं करत बसायची, गोष्ट म्हणून एक सांगायची नाही. म्हटलं, पडद्यावर ते दार दिसलं की बोलेल. मला पिक्चर नको होता, माझी अक्का हवी होती.

शिंदखेड्याला गेलो. तिची सासू म्हणाली, "बठ्ठा सैपाक करी ठेव, मंग जाय." अक्काने पहाटेच उठून रात्रीच्या भाकरी सोडून दोन्ही वेळचा सैपाक उरकला आणि आम्ही एसटीने धुळ्याला दुपारचा शो गाठला.

पिक्चर? काय सांगू. डोंगर पोखरून उंदीर. बाईला दागिन्यांपायी दिराने मारलं, मांत्रिकाने कवटी नाचवली, मधे दोन गाणी. विहीर नाही, घागर नाही. इतकी वर्षं जपलेली बाई त्यांनी अडीच तासांत संपवली. रागसुद्धा आला नाही, नुसतं थकल्यासारखं झालं. शेजारी पाहिलं तर अक्का मध्यंतरापासून झोपलेली. उठवलं नाही. गाढ झोपली होती बिचारी.

स्टँडवर गाडीची वाट पाहताना मी म्हणालो, "अक्का, तुझीच ष्टोरी बरी होती."

"कोणती रे?"

मी सगळी सांगितली. यात्रा, रीळ, विहीर, घागर. तिने नीट ऐकून घेतली, दुसऱ्या कुणाची ऐकावी तशी. "मी सांगितलं होतं असं?" ती हसली. "काहीबाही बोलायचे तेव्हा." मग पदराने तोंड पुसून म्हणाली, "गाडीला उशीर झाला रे, भाकरी टाकायच्या राहिल्यात."

मला वाईट वाटलं. खूपच वाटलं. पिक्चरवाल्यांनी बिघडवलं त्याचं काही नाही, पण आता ती गोष्ट एकट्या माझ्याजवळ उरली होती.

दिवेलागणीला घरी पोचलो. सासूने विचारलं, "कसा शे पिक्चर?" अक्का म्हणाली, "बरा होता," आणि चुलीपाशी गेली. पानं वाढली. तिचा नवरा, सासरे, पोरं आणि मी बसलो. मी म्हणालो, "अक्का, तूही बस ना."

"तुम्ही जेवा, मी पाणी घेऊन आले," ती म्हणाली आणि कळशी घेऊन मागे हौदावर गेली.

माझा घास हातातच राहिला. बाकीचे जेवत होते. वाऱ्याने मागचं दार आपटलं आणि कडी आतून लागली. थोड्या वेळाने दार वाजलं. कुणी मान वर केली नाही, कुणाला घाईही नव्हती. पुन्हा वाजलं.

मी उष्ट्या हातानेच उठलो आणि कडी काढली. अक्का कळशी कमरेवर घेऊन उभी होती.

"जेवता जेवता कशाला उठलास?" ती म्हणाली.