वसंतरावांचं अपुरं पारायण

वसंतराव गेल्याचा फोन आला तेव्हा मी जेवता जेवता वाचत होतो. म्हणजे त्या गृहस्थाला ज्या गोष्टीचा सर्वात जास्त तिटकारा, नेमकी तीच करत होतो. फोन ताईंचा होता. ताई म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, आणि वसंतराव तिचे यजमान. म्हणजे माझे साडू. ताई रडत नव्हत्या. म्हणाल्या, "मधुकरराव, हे गेले हो. वाचून उठले, पाटावरच बसले परत, आणि…" मग जरा थांबून म्हणाल्या, "आणि आज पाचवाच दिवस होता. दोन दिवसांचं वाचन राहिलं." या माणसाने मरतानासुद्धा अर्धवट पुस्तक दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवलं होतं, आणि ते डोकं कुणाचं असणार हे मला तिथेच, भरल्या ताटावर, लख्ख दिसलं.

आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचकांची फसगत व्हायला नको. मला वसंतराव आवडत नव्हते. त्यांनाही मी आवडत नव्हतो. उभ्या आयुष्यात आमचं एकमत झालं ते एवढ्या एकाच मुद्द्यावर. सरकारी नोकरीत पेठ-सुरगाण्याकडे बरीच वर्षं काढून नव्वदच्या सुमारास ते बदलीवर नाशकात आले, हिरावाडीत घर घेतलं, आणि माझ्या सुखी वाचनाला ग्रहण लागलं. कारण वसंतराव कादंबरी वाचत नसत. कादंबरीचं पारायण करत. थट्टा नाही, अक्षरशः पारायण. सकाळी आंघोळ करून सोवळं नेसायचं, चौरंगावर पुस्तक, समोर समई, पुस्तकावर फूल, हातात पळीभर पाणी घेऊन संकल्प सोडायचा, आणि पुस्तकाचे सात समान भाग करून रोज एक भाग मोठ्याने वाचायचा. मध्ये उठायचं नाही, बोलायचं नाही, पान गाळायचं नाही. आवाज असा की रामकुंडावरचे गुरुजी आपला मंत्र विसरून यांची कादंबरी म्हणू लागत. सातव्या दिवशी समाप्ती, पुरणाचा नैवेद्य, आणि जेवायला मेहूण म्हणून एक जोडपं. ते जोडपं म्हणजे आम्ही. तेव्हा मी सांगतो ते ऐकीव नाही, प्रत्येक समाप्तीचं पुरण माझ्या पोटात गेलेलं आहे.

मी वाचणारा होतो तो अगदी वेगळ्या जातीचा. माझं फवारणी पंपांचं दुकान मालेगाव स्टँडजवळ. गिऱ्हाईक नसलं की वाचायचं, गिऱ्हाईक असलं की त्याला काय हवंय ते ऐकत ऐकत वाचायचं. शेवटचं पान आधी. मग मधलं. नायिका आवडली तर तिच्यामागे पहिल्या पानापर्यंत उलटं जायचं. रविवार कारंजाजवळच्या भाड्याच्या पुस्तकांच्या दुकानातून आणलेल्या पुस्तकांत एकाचा खुनी दुसऱ्याच्या लग्नात शिरायचा आणि मला ते लक्षातही यायचं नाही, इतका मी मजेत होतो. द्राक्षबागायतदार मला म्हणायचे, "शेठ, पंप राहू द्या, आधी त्या पोरीचं काय झालं ते सांगा." हंगामात निम्मी गर्दी पंपाची आणि निम्मी गोष्टीची असायची. हे मी वाढवून सांगत नाही. फार तर थोडंसं.

तर एका पाडव्याला, सासरची सगळी मंडळी जमलेली असताना, वसंतरावांनी ताम्हन माझ्यापुढे सरकवलं. "मधुकरराव, तुम्ही वाचता असं ऐकतो. मग होऊन जाऊ द्या संकल्प. वर्षाला किती?" मी म्हटलं, "मोजत नाही." तर म्हणाले, "जो मोजत नाही तो वाचत नाही. तो चाळतो." मेहुण्या हसल्या. सासूबाई हसल्या. माझी स्वतःची बायको हसली! मग माझं टाळकं सटकलं. मी म्हटलं, "तुमची जितकी पुस्तकं, त्याच्या दुप्पट," आणि पाणी सोडलं. त्या पळीभर पाण्यात मी बुडालो. दुसऱ्या दिवसापासून पुस्तक हातात घेतलं की आधी जाडी बघू लागलो. बारीक पुस्तकं, मोठ्या अक्षरांची पुस्तकं, चित्रांची पुस्तकं. एकदा तर पंपासोबत आलेली माहितीपुस्तिका मी वाचनात धरली. प्रकरण रंगात यावं आणि माझ्या मनात यावं, अजून किती राहिलं? नायिका मरायला टेकली तरी मला वाटायचं, बाई, लवकर आटप. आणि दर महिन्याला वसंतराव भर बैठकीत विचारत, "कुठपर्यंत आलं?" जणू मी विहीर खणत होतो. वर्षाअखेर संकल्प काही पुरा झाला नाही, पण माझं वाचन मात्र पुरतं संपलं. मग पुढची काही वर्षं मी पुस्तकाला हात लावला नाही. दुकानात गिऱ्हाईक नसलं की माशा मारायचो. हे त्या माणसाने केलं. माझ्याकडचं सर्वात मजेचं काही होतं, त्याचा त्याने गृहपाठ करून टाकला.

ते परत मिळालं ते सुरगाण्याच्या जीपमध्ये. नागली-नाचणीच्या मुलखात फवारणी पंप विकता येतील असं मला कुणीतरी पटवलं होतं. एकही विकला गेला नाही. परत निघालो तर जीप भरेपर्यंत हलणार नाही. ड्रायव्हर म्हणाला, "बसा शेठ, चार शीटा आल्या का निघू." मागची सीट एका बाजूला खचलेली, आणि तिच्या खाली टेकू म्हणून एक पुस्तक कोंबलेलं. मी सहज ओढलं. कव्हर नाही, सुरुवात नाही, शेवट नाही. कुणी लिहिलं, नाव काय, काही कळायला मार्ग नाही. उघडलं तर एक माणूस झाडावर चढून बसलेला, खाली त्याची बायको उभी, आणि तो काही केल्या उतरत नाही. का चढला ते फाटलेल्या पानांत गेलेलं. अहो, मी जो आत गेलो तो गेलोच! हसायला लागलो, एकटाच, मोठमोठ्याने. या पुस्तकाला मोजायला काहीच नव्हतं. शेवटचं पान आधी वाचावं तर शेवटचं पानच नव्हतं. मला ती जीप निघायलाच नको होती. मग मी एक युक्ती केली. शीट आली की मी आतून सांगायचो, "भरली, भरली, मागच्या गाडीने या." मागे गाडी नव्हती. अशी निम्मी सुरगाण्याची वस्ती मी माघारी पाठवली असेल. शेवटी ड्रायव्हरने मागून येऊन पकडलं. "ओ शेठ, हे काय चालवलंय तुमी? लोकं तिकडं झाडाखाली बसल्यात, आन् तुमी गाडी भरली म्हनता? ते पुस्तक घ्या तिकडं, पन माझं पोट मारू नका!" पुस्तक मी घेतलं. टेकू गेल्यावर सीट माझ्याकडे खचली आणि शेजारी बसलेली म्हातारी थेट नाशिकपर्यंत माझ्या मांडीवर कलंडत आली आणि मला शिव्या देत राहिली. मला एकही लागली नाही.

पुढच्याच समाप्तीला, पुरणपोळीवर तूप पडत असताना, मी न राहवून ही हकिगत सांगितली. झाडावरच्या माणसाचं ऐकून ताई वाढता वाढता थांबल्या. वसंतरावांनी विचारलं, "नाव काय पुस्तकाचं?"

"माहीत नाही."

"लेखक?"

"ते पान सीटखालीच राहिलं असेल."

"पूर्ण केलंत?"

"पूर्ण व्हायला ते पूर्ण आहे कुठे?"

"मग ते वाचन नाही," ते म्हणाले. "ते उष्टं आहे."

मी ताटावरून उठलो. समाप्तीच्या मेहुणाने अर्ध्या जेवणावरून उठायचं म्हणजे पारायणाचं पुण्य गेलं, असं वसंतराव मानत, आणि मी ते पक्कं ठाऊक असूनच उठलो. त्यानंतर आमचं बोलणं बंद. तरी मेहूण म्हणून बोलावणं येतच राहिलं, कारण जोडपं बदलायचं नाही हाही त्यांचाच नियम. समोरासमोर बसायचो आणि बोलायचो ताईंकडे बघून. "त्यांना म्हणावं, भात घ्या." "त्यांना सांगा, घेतलाय." "त्यांना विचारा, उष्टी पुस्तकं काय म्हणतात?" "त्यांना सांगा, आनंदात आहेत, तुमच्या पुस्तकांसारखी कपाटात गुदमरत नाहीत." कारण त्यांचा आणखी एक नियम होता. समाप्ती झाली की पुस्तक कापडात गुंडाळून कपाटात जाई आणि कपाटाची किल्ली जानव्याला. झालेलं पुस्तक परत उघडणं म्हणजे विसर्जन केलेला गणपती परत घरी आणणं, असं ते म्हणत. असे गणपती त्या कपाटात खच्चून भरले होते…

तेराव्याला गुरुजींनी विचारलं, काही संकल्प वगैरे अपुरा आहे का. ताईंनी सांगितलं, पारायण राहिलंय. गुरुजींना वाटलं पोथी. गंभीर होऊन म्हणाले, "मग घरातल्या कुणीतरी पुरं करा. तोवर जीव अडकून राहतो." ती सरदार घराण्यावरची जाडजूड कादंबरी आहे हे त्यांना सांगायचं धाडस कुणी केलं नाही. वसंतरावांचा मुलगा प्रशांत पुण्याहून आलेला, तो म्हणाला, "काका, मला एवढं मराठी सलग जमणार नाही. तुम्हीच करा ना." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. बायकोने कोपराने ढोसलं. ठीक आहे, म्हटलं. मनात म्हटलं, शेवटचं पान आधी वाचतो आणि तुम्हाला वर पाठवतो, वसंतराव.

दुसऱ्या दिवशी पाटावर बसलो. समई लागली. ताई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या. मी म्हटलं, "बसा की आत येऊन." म्हणाल्या, "सवय नाही." मी वाचायला लागलो. दिवाणाच्या वाड्यात दिवाणाची विधवा… एवढ्यात ताई म्हणाल्या, "विधवा कशी? दिवाण आहे की." मी मागची पानं उलटली. दिवाण दुसऱ्याच दिवसाच्या वाचनात मेलेला. "अगबाई," ताई म्हणाल्या, "तेव्हा कुकर झाला असेल."

मग हळूहळू उलगडलं. इतक्या वर्षांत त्या घरात वाचलेली प्रत्येक कादंबरी ताईंनी दाराआडून ऐकली होती, फोडण्यांच्या आणि शिट्ट्यांच्या मधून, तुकड्या-तुकड्यांनी. मध्ये विचारायची सोय नाही, नंतर उघडायची सोय नाही. मग गेलेले तुकडे त्या भाजी चिरता चिरता स्वतः रचायच्या. मी पुस्तक मिटलं आणि म्हटलं, "ताई, पहिल्या दिवसापासून सांगा बरं." त्या आधी लाजल्या, मग जरा आत येऊन बसल्या, मग जे सांगायला लागल्या… अहो, मी तालुक्यात नाव काढलेला थापाड्या, पण तोंडात बोट घातलं! पुस्तकातला सरदार मोहिमेवर गेलेला. ताईंच्या सरदाराला थोरल्या सुनेने तळघरात कोंडलेला, आणि ती वरून भाकरी टाकत त्याच्याकडून राज्यकारभार शिकत होती. मी विचारलं, "पुढे?" त्या म्हणाल्या, "पुढे मिक्सर. चटणी वाटत होते मी." आणि इतक्या हसल्या की डोळे पुसायला पदर घ्यावा लागला. नवरा गेल्यावर मी त्यांना पहिल्यांदाच डोळे पुसताना पाहिलं.

मग हात पुढे करून म्हणाल्या, "द्या इकडे." पुस्तक घेतलं, फूल काढून समईपाशी ठेवलं, आणि पहिलं पान उघडलं. मी म्हटलं, "ताई, सहावा भाग चालू आहे." त्यांनी ऐकलंच नाही.

याला आता काही आठवडे झाले. बायको माझ्या मागे लागली, दाजींचा जीव अडकलाय, तुम्ही अर्ध्यावर सोडून आलात. शेवटी परवा हिरावाडीत गेलो. कपाट सताड उघडं. ताई खिडकीशी पाय पसरून बसलेल्या, मांडीवर तीच कादंबरी, शेजारी शेंगदाण्यांची वाटी, पानावर मिठाचे डाग. मी विचारलं, "कुठवर आलं?" आणि विचारल्या विचारल्या जीभ चावली.

"कुणास ठाऊक," त्या म्हणाल्या. "दिवाण मेला. वाईट वाटलं. चांगला होता हो."

"ताई, मंडळी म्हणतायत तुम्ही जरा लवकर… म्हणजे, संपेपर्यंत वसंतराव तिकडे अडकून…"

ताईंनी चार दाणे तोंडात टाकले. सावकाश चावले.

"थांबू देत की," त्या म्हणाल्या. "मीही थांबलेच होते ना."

आणि बोटाला थुंकी लावून त्यांनी पान उलटलं. पुढचं नाही, मागचं.