नोखमाल

काल गुडघा धरला म्हणून बायकोनं कपाटातून काळ्या चिनी औषधाची बाटली काढली. बूच उघडलं आणि त्या कडू, दारूसारख्या वासानं मी थेट जर्मनीत, न्युरेम्बर्गच्या एका शाळेतल्या हॉलमध्ये जाऊन आपटलो.

तेव्हा मी हॉटेलात रोट्या लाटायचो आणि रविवारी सिफूंकडे, म्हणजे आमच्या म्हाताऱ्या चिनी गुरुजींकडे, कुंग फू शिकायचो. शिकायचो कसला, मार खायचो आणि मग हेच औषध चोळत बसायचो. डोळे मिटून मनगटाला मनगट चिकटवायचं आणि समोरच्याचा जोर नुसत्या कातडीनं ओळखायचा. दोन वर्षांत माझा हात त्यांच्या छातीपर्यंत एकदाही पोचला नव्हता.

एका रविवारी पोचला. मी नाचलोच. "सिफू, बघितलंत का?"

ते आपल्या हाताकडे बघत म्हणाले, "नोखमाल." म्हणजे जर्मनमध्ये परत एकदा.

परत लागला.

"नोखमाल."

मला वाटलं, कौतुक चाललंय. म्हटलं, "आल्झो, चला तर, हवं तितक्यांदा!" भिंतीशी बसलेल्या त्यांच्या बायकोनं तोंड फिरवलं. म्हटलं, जळतेय.

तिसऱ्यांदाही लागला. सिफूंनी बोटं चोळली आणि जाकीट चढवलं.

महिन्याभरात क्लास बंद झाला, तेव्हा कळलं. आजारानं त्यांच्या हातातली ताकद चालली होती, आणि ती किती उरलीय ते माझ्या हातावर तपासत होते.

मी जन्मभर जिथं तिथं चुकलोय, दहावीला तर तीनदा. तेव्हा तेवढा एकदा चुकलो असतो, तर थोडी आशा घेऊन घरी गेले असते ते.