गुरुवारची सकाळ

दोन महिन्यांपूर्वी मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं. परळच्या ज्या क्लिनिकमध्ये मी फिजिओथेरपिस्ट आहे, ते त्यांचं. हिंदमाताजवळ दुसरी शाखा उघडायची होती आणि ती मी सांभाळावी असं त्यांच्या मनात होतं.

नोकरीला लागून मला जेमतेम तीन वर्षं झालीत, त्यामुळे आनंद झालाच. पण या गोष्टीची कुणकुण आधीच लागली होती. म्हणून आत जाताना मी एक गोष्ट ठरवून गेले होते...

मी कथा लिहिते. इथे तुम्हाला माहीत आहे, क्लिनिकमध्ये कुणालाच माहीत नव्हतं. आतापर्यंतचं बहुतेक लिखाण दोन पेशंटच्या मधल्या वेळात, मोबाइलवर, एका अंगठ्याने झालंय. छोट्या कथा तशा जमून जातात.

पण या वर्षी एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी दीर्घकथा मागितली. वरळी कोळीवाड्यातल्या दोन जावा, घरातली होडी विकायची की ठेवायची यावरून अबोला धरलेल्या. मला त्या दोघी दिसत होत्या, त्यांचे टोमणेसुद्धा ऐकू येत होते... पण सलग बसल्याशिवाय पुढे काही सरकेना.

म्हणून मॅडमना म्हटलं, "शाखा सांभाळते. फक्त गुरुवारची सकाळ मला मोकळी हवी."

"का? घरी काही प्रॉब्लेम?"

"नाही. लिहायचं असतं. मी कथा लिहिते."

मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं. खोटं कशाला सांगू, शाखा हातची जाते की काय असं वाटलं. तरी मी पुढचं बोलून टाकलं... त्या बदल्यात मंगळवारी शेवटचा पेशंट होईपर्यंत मी थांबेन, अपॉइंटमेंट तशाच लावून घेईन, कुणाचा एक्सरसाइज चुकणार नाही.

"तीन महिने बघू," त्या म्हणाल्या. "कुणाची तक्रार आली तर गुरुवार माझा."

मी हो म्हटलं. तक्रार येणार नाही याची मला खात्री होती. माझं काम मला येतं.

मला वाटलं, अवघड भाग संपला... तो तर घरी सुरू झाला.

आम्ही लालबागला राहतो. चाळीचा टॉवर झाला, पण आमच्या मजल्यावर दारं अजून दिवसभर उघडीच असतात. पहिल्या गुरुवारी मी बेडरूममध्ये लॅपटॉप उघडला आणि घरभर बातमी झाली, की पोरगी आज घरी आहे.

आईने मटार सोलायला दिले. बाबांना बँकेचं ॲप अपडेट करून हवं होतं. गॅसवाला आला, मग समोरच्या सुर्वे काकू गुडघा घेऊन आल्या. "तू आहेस ना घरी, मग जरा बघ गो." आता गुडघा म्हटल्यावर मला नाही म्हणता येत नाही...

दुपारी क्लिनिकला निघाले तेव्हा कथेतली मोठी जाऊ जिथे उभी होती तिथेच उभी होती. राग आला, पण कुणावर काढणार? त्यांच्या दृष्टीने मी सुट्टीवर होते.

त्या आठवड्यात एका संध्याकाळी मी आईजवळ ओट्यापाशी उभी राहिले. आईच्या हातात बांगडे होते. म्हटलं, "आई, गुरुवारी मी घरी नसते असं समज. क्लिनिकमध्ये असताना तू मला मटार सोलायला बोलावतेस का? तसंच हे."

"आणि कोणी इला तर काय सांगू?"

"काहीही सांग. मी दार लावून घेणार."

आई बांगड्यांना मसाला लावत राहिली. पटलं की नाही, कळलंच नाही.

पुढच्या गुरुवारी मी सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा कुर्ता घालून, रोजच्या वेळेला नाश्ता केला. बाबा म्हणाले, "गुरुवारी सकाळीच निघालीस?" मी म्हटलं, "हो, आत." आणि खरंच आत जाऊन दार लावलं.

तासाभरात लय सापडली. धाकटी जाऊ पहिल्यांदा तोंड उघडत होती, तेवढ्यात बाहेर सुर्वे काकूंचा आवाज आला. माझी बोटं थांबली... आता हाक येणार.

"गुरुवार ना आज? घरी असेल पोरगी."

"नाय," आई म्हणाली. "ती कामार आसा."

"मग चपला इथे कशा?"

"दुसऱ्यो घालून गेली."

काकू जरा वेळ घुटमळल्या असाव्यात. मग आईच म्हणाली, "सांजचा ये. ती बघतली गुडघो." आणि आमचं कायम उघडं असणारं मुख्य दार ओढून घेतल्याचा आवाज आला.

मला हसू आलं आणि डोळेही भरून आले, दोन्ही एकदमच. मग मी डोळे पुसले आणि धाकटीला बोलू दिलं. ती जे बोलली ते मी ठरवलेलं नव्हतं... पण तेच बरोबर होतं.

कथा गेल्या गुरुवारी पूर्ण झाली. संपादकांना पाठवली, आता ती त्यांच्या हातात. हिंदमाताची शाखा छान चाललीय, तक्रार एकही नाही. सुर्वे काकू मंगळवार सोडून रोज संध्याकाळी जिना चढायचा सराव करतात, माझ्या देखरेखीखाली.

वेळ मागून घ्यायला मी शिकले, मॅडमनी तो दिला, त्यांचे आभार आहेतच. पण माझ्या लिहिण्याला पहिल्यांदा 'काम' म्हटलं ते आमच्या आईने... तेही मी ऐकतेय हे माहीत नसताना.